अवकाशातली दुर्बीण दुरुस्त कशी करतात? प्रदर्शनासाठी मॉडेल करतोय, नेमकं काय दाखवावं?

आडगावनाका

नमस्कार मंडळी,

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे, शाळा नाशिकच्या पंचवटी भागातली. आठवी-नववीच्या मुलांनी यंदा ‘अवकाशातल्या दुर्बिणींची दुरुस्ती’ हा विषय घेतलाय. थर्माकोलची हबल दुर्बीण, वर चंदेरी कागद आणि शेजारी चार्ट, हे दरवर्षीचंच झालं. यावेळी येणाऱ्याच्या हातात पाना देऊन ‘घ्या, करून बघा’ म्हणता येईल असं काहीतरी हवंय. अंबड-सातपूरला लेथ आणि ड्रिलिंगचं काम करून देणारे आहेत, त्यामुळे ॲल्युमिनियम, ॲक्रिलिकची अडचण नाही.

मुलांचे प्रश्न जसेच्या तसे देतो:

१. हबलचा आरसा चुकीचा घासला गेला होता आणि नंतर ‘चष्मा’ लावला म्हणतात. चूक किती होती? आरसाच का नाही बदलला?
२. तिथे स्क्रू सुटला की तरंगत जाणार. मग शंभरावर स्क्रू काढले कसे?
३. जायरो म्हणजे काय आणि ते सारखे का जातात?
४. जेम्स वेब या नव्या दुर्बिणीपर्यंत माणूस जाणार नाही. तिथे बिघडलं तर काय?

चार्टवर चुकीचं काही जायला नको, म्हणून इथे विचारतोय.

---

सातपूरकर

दुसऱ्या प्रश्नापासून धरतो, कारण ‘करून बघा’चं मॉडेल त्यातूनच निघतं.

हबलवर स्टिस नावाचा वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं उपकरण आहे. ऑगस्ट २००४ मध्ये त्याचा वीजपुरवठ्याचा भाग गेला. हबलची उपकरणं मुळात अख्खी काढून अख्खी बसवायची अशी रचलेली. कपाटाएवढा खोका रुळावरून बाहेर ओढायचा, नवा आत सारायचा. आतलं एकच कार्ड बदलायचं असं कुणी धरलंच नव्हतं, म्हणून कार्डावरच्या झाकणाला १११ बारीक स्क्रू, आटे सुटू नयेत म्हणून चिकटवलेले. जमिनीवर एकदा बंद केलं की परत उघडायचं नाही, या हिशेबाचं काम.

मे २००९ च्या मोहिमेत अंतराळवीरांनी तिथे जाऊन ते उघडलं. युक्ती स्क्रू काढण्यात नव्हती, काढलेला स्क्रू जागेवर ठेवण्यात होती. झाकणावर एक पारदर्शक प्लेट बसवली. प्रत्येक स्क्रूच्या बरोब्बर वर तिला एक भोक: स्क्रूड्रायव्हरची बिट आत जाईल एवढं मोठं, स्क्रूचं डोकं बाहेर येणार नाही एवढं लहान. सगळे स्क्रू सुटले तरी प्लेटखालीच अडकून राहतात, आणि प्लेट झाकणासकट उचलली की १११ स्क्रू एकदम बाहेर.

तुमच्यासाठी हेच बनवा, पण १११ नको. आटे पाडता पाडता ड्रिलवाला हात जोडेल. ३२ करा. आणि ३२ हा आकडाही खोटा नाही: त्याच मोहिमेत एसीएस कॅमेऱ्याचं जे झाकण उघडलं त्याला ३२ स्क्रू होते.

माप असं:

खालची प्लेट ॲल्युमिनियम, ३०० × २०० मिमी, जाडी ६. मध्ये २२० × १२० ची खिडकी कापा, आत जुनं सर्किटचं कार्ड ठेवता येतं. कडेपासून १० मिमी आत ओळ आखा. लांब बाजूला २८ मिमीवर आणि आखूड बाजूला ३० मिमीवर भोकं घेतलीत की चारही बाजू मिळून बरोबर ३२ बसतात. २.५ चा ड्रिल, एम३ चा टॅप.

वर झाकण २ मिमी पत्र्याचं, भोकं ३.४ ची. स्क्रू एम३ × ८, ॲलन डोक्याचे.

पकडप्लेट, म्हणजे स्क्रू अडवणारी ती पारदर्शक प्लेट, ५ मिमी ॲक्रिलिकची, भोकं ४ मिमी. एम३ ॲलनचं डोकं ५.५ चं असतं, ते अडकतं. २.५ ची ॲलन की कोपऱ्यातून कोपऱ्यात २.९ भरते, ती आरामात जाते.

पकडप्लेट आणि झाकण यांच्यात स्पेसर १० मिमीचे. इथे चुकू नका. डोक्याची उंची ३, आट्यातून सुटायला ६ वर यायला हवा, म्हणजे ९ लागतात आणि १ मोकळा राहतो. सुटल्यावरही स्क्रूची शेपटी झाकणाच्या भोकात राहते आणि स्क्रू उभाच असतो. ‘जरा सैल बरं’ म्हणून १२ किंवा १५ घेतलेत तर स्क्रू भोकातून पूर्ण निघून आडवा पडतो, शेजारच्या भोकाखाली जातो, आणि दुसऱ्या पोराची बिट त्याच्यावर अडते.

स्पेसर चार, खिडकीच्या आतल्या भागात येतील असे. झाकणाला खालून एम४ चे नट रिव्हेट करून घ्या आणि वरून हाताने फिरवता येतील असे नॉबचे स्क्रू लावा. म्हणजे ‘आधी पकडप्लेट बसवा, मग स्क्रूला हात लावा’ हा क्रमही मुलांकडून करून घेता येतो.

बॅटरीवरचा छोटा स्क्रूड्रायव्हर घ्या, मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांचा. खऱ्या मोहिमेत याच कामासाठी वेगळं छोटं हत्यार केलं होतं, २१० फेऱ्यांचं, ताकद कमी आणि वेग जास्त. नेहमीचं मोठं पिस्तुली हत्यार ६० फेऱ्यांचं, त्याने १११ स्क्रू काढत बसलं तर दिवस गेला असता. बिट घेताना पुढची बारीक दांडी किमान १५ मिमी आहे ना ते बघा. नाहीतर जाड भाग ॲक्रिलिकलाच टेकतो आणि टोक डोक्यापर्यंत पोचत नाही. गोल टोकाची ॲलन बिट नको, तिने डोक्याचा षटकोन गोल होतो.

हातमोजे वेल्डिंगचे चामडी, आत अजून एक जोडी. स्पेससूटमध्ये वातावरणाच्या साधारण ३० टक्के दाब असतो आणि बाहेर काहीच नाही, त्यामुळे मोजा फुगलेलाच राहतो. प्रत्येक वेळी मूठ मिटायची म्हणजे फुगा दाबायचा. हे दाखवायला बोटांच्या पाठीवरून मनगटापर्यंत रबरबँड ताणून बांधा, बोटं आपोआप सरळ होऊ पाहतील. पाच मिनिटांत मनगट भरून येतं. तिथे सहा-सात तास असंच काम. स्टिसच्या दिवशी तर ८ तास २ मिनिटं.

---

अर्धाकोन

आरशाचं मी सांगतो.

हबलचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. कडेला तो हवा त्यापेक्षा २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला होता. चार्टवर ‘केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास’ असं लिहितात, पण त्यातून ‘एवढंसंच तर होतं’ असा उलटा ग्रह होतो. त्यापेक्षा हे लिहा: घरी आरसा घासणारा हौशी माणूस पृष्ठभागावर प्रकाशाच्या लहरीच्या आठव्या भागापर्यंतची चूक चालवून घेतो, म्हणजे ०.०७ मायक्रॉन. हबलची चूक त्याच्या तीसपट होती. ताऱ्याचा ७० टक्के प्रकाश ०.१ विकलेच्या ठिपक्यात यायला हवा होता, आला तो १५ टक्क्यांच्या आसपास. बाकीचा भोवती धुरळ्यासारखा पसरला.

आरसा वाईट घासला होता हेही खरं नाही. घासाई अप्रतिम होती, चुकीच्या आकारावर अप्रतिम. ज्या चाचणी-उपकरणाने आकार तपासत होते त्यातलं एक भिंग १.३ मिमीने सरकून बसलं होतं. भिंगाची जागा एका मोजदांडीच्या टोकावरून प्रकाश परतवून ठरवायची होती. टोकावरच्या टोपीचा काळा लेप एका जागी उडालेला होता. प्रकाश दांडीऐवजी टोपीवरून परतला आणि सगळं माप १.३ मिमीने हललं. याहून वाईट म्हणजे दुसऱ्या, साध्या उपकरणांनी केलेल्या चाचण्यांत दोष दिसत होता. पण ‘मोठं उपकरण जास्त अचूक आहे, साधंच चुकत असणार’ असं धरून तो बाजूला ठेवला. मुलांना यातलं काही एकच सांगायचं असेल तर हे सांगा.

आरसा बदलता येत नव्हता, कारण सगळी दुर्बीण त्याच्याभोवती बांधलेली होती. पण चूक नेमकी किती हे माहीत होतं आणि ती सगळीकडे एकसारखी होती, म्हणून तेवढीच उलटी चूक पुढे कुठेतरी घातली की भागत होतं. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून गेलेल्या पथकाने दोन गोष्टी केल्या. जुना मुख्य कॅमेरा काढून नवा घातला, ज्याच्या आतल्या छोट्या आरशांनाच उलटी चूक दिलेली होती. आणि वेगवान प्रकाशमापक नावाचं उपकरण काढून त्याच्या जागी कोस्टार बसवलं. त्यातून दांड्या बाहेर येत आणि नाण्याएवढे आरसे बाकीच्या तीन उपकरणांच्या वाटेत धरत. पाच स्पेसवॉक, एकूण ३५ तास २८ मिनिटं.

कोस्टारमुळेच हबल आजही नीट बघते, असं लिहा चार्टवर. मुलांना कळेल.

---

मृगशीर्ष

@अर्धाकोन, बाकी सगळं पटलं, शेवटचं वाक्य चार्टवर जाऊ देऊ नका. कोस्टार २००९ च्या मोहिमेत काढून खाली आणलं. १९९३ नंतर जी जी नवी उपकरणं गेली त्यांच्या आतच दुरुस्ती केलेली होती. शेवटचं जुनं उपकरण २००२ मध्ये निघालं, त्यानंतर कोस्टारला कामच उरलं नव्हतं. त्याच्या जागेत कॉस नावाचा वर्णपटमापक बसलाय.

---

अर्धाकोन

बरोबर. ‘आजही’ हा शब्द माझ्याकडून उगाच पडला. ‘१९९३ पासून २००२ पर्यंत कोस्टार हा जुन्या उपकरणांचा चष्मा होता’ असं करा.

---

सातपूरकर

स्टिसचं एक राहिलं, आणि ते मॉडेलमध्ये घालण्यासारखं आहे.

१११ स्क्रूंच्या आधी वाटेतला एक हातदांडा काढायचा होता. त्याला चार स्क्रू. तीन निघाले, चौथ्याचं डोकं गोल झालं. आपल्याकडे शॉपवर अशा वेळी डोकं ग्राइंड करतात, नाहीतर नट वेल्ड करून फिरवतात. तिथे ठिणगी नको, किसही नको, कारण एक कण आरशाच्या वाटेत गेला तर संपलं. खाली नासाच्या गॉडार्ड केंद्रात तशाच दांड्यावर ओढून पाहिलं: साधारण ६० पौंडांच्या, म्हणजे २७ किलोच्या ओढीने तो तुटतो. मग वर अंतराळवीर मासिमिनो यांनी दांड्याच्या बुडाशी टेप गुंडाळली, तुकडे उडू नयेत म्हणून, आणि दांडा हाताने ओढून उपटला. नंतरचे १११ स्क्रू विनातक्रार निघाले.

नवं झाकण बसवताना एकही स्क्रू लावला नाही. त्याला दोन खटके होते, दाबले की बंद. तुमच्या मॉडेललाही दुसरं झाकण खटक्याचं करा, शेजारी शेजारी ठेवा. जुन्या पेटीला असतात तसले खटके चालतील.

दुसरा नमुना बोल्टचा. त्याच मोहिमेत १९९३ चा मुख्य कॅमेरा काढायचा होता. सोळा वर्षं बसलेला बोल्ट, हलेना. पान्याला टॉर्कची, म्हणजे पिळायच्या जोराची मर्यादा लावलेली होती, ती गाठली तरी हलेना. पुढे दोनच शक्यता: मर्यादा काढून जोर लावायचा आणि तो सुटेल, किंवा तुटेल. तुटला असता तर जुना कॅमेरा कायमचा आत आणि नवा परत घरी. अंतराळवीर फॉइस्टेल यांनी मर्यादा काढून लावला जोर. सुटला.

हे दाखवायला फिरती खुर्ची पुरे. भिंतीला भक्कम लाकडी ठोकळा, त्यात घट्ट एम१२ बोल्ट, १९ चा पाना. पाय वर उचलून खुर्चीत बसायचं आणि बोल्ट फिरवायचा. बोल्ट जागेवर राहतो, माणूस फिरतो. मग पाय दाबून धरायला समोर आडवी पट्टी द्या आणि परत करायला सांगा. हबलला बाहेरून पिवळे हातदांडे आणि पाय अडकवायच्या ३१ जागा का ठेवल्या हे बोलून सांगावं लागणार नाही. चाकं लॉक करा मात्र, आणि मागे कुणीतरी उभं राहा.

---

मृगशीर्ष

आता जायरो.

दुर्बीण कुठल्या दिशेला आणि किती वेगाने वळतेय हे जायरो सांगतो. वळवायचं काम त्याचं नाही, ते चार जड चाकं करतात, प्रत्येकी ४५ किलोची. चार्टवर हे दोन्ही एक करून टाकतात, ते टाळा. जायरो हा रिक्षाचा मीटर, चाकं म्हणजे इंजिन.

हबलच्या जायरोत एक चाक मिनिटाला १९,२०० फेऱ्या घेतं. ते एका बंद नळकांड्यात, आणि ते नळकांडं इंजिन ऑइलसारख्या दाट द्रवात तरंगतं. चाकाला वीज द्यायची तर तार त्या द्रवातून न्यायला हवी आणि तिने नळकांड्याला अडवताही कामा नये, म्हणून ती केसाहून बारीक. दुखणं तिथेच आहे. सुरुवातीच्या जायरोंत द्रव भरताना दाबासाठी साधी हवा वापरली. त्यातल्या ऑक्सिजनमुळे तारा गंजून तुटल्या. पुढे हवेऐवजी नायट्रोजन वापरला, त्याहीपुढे तारांना चांदीचा लेप दिला.

हबलवर सहा जायरो असतात, नीट काम करायला तीन लागतात. नोव्हेंबर १९९९ मध्ये चौथा गेला तेव्हा दुर्बीण डोळे मिटून बसली, महिनाभराने शटल, म्हणजे अंतराळवीरांना नेऊन परत आणणारं यान, जाऊन सहाही बदलून आलं. २००९ ला पुन्हा सहा. ते दोन-दोनच्या तीन पेट्यांत असतात. तेव्हाही एक नवी पेटी जागेवर बसेचना, शेवटी १९९९ ला काढून आणलेली आणि दुरुस्त केलेली जुनी पेटी बसवावी लागली. सुटे भाग एक जास्तीचा न्यायचा, तो यासाठी.

२०११ मध्ये शटल बंद झालं, त्यानंतरची दुरुस्ती म्हणजे फक्त खालून आज्ञा. २०१८ च्या ऑक्टोबरात एक राखीव जायरो चालू केला तर तो खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेग दाखवायला लागला. काय केलं? बंद करून चालू केला. मग दुर्बीण उलटसुलट वळवली, जायरोची मोजपट्टी वरच्या टप्प्यावरून खालच्यावर, परत वरच्यावर अशी बदलत राहिले. द्रवात काही अडकलं असेल तर सुटावं म्हणून. सुटलं! मोबाईल अडकला की आपण करतो त्याच जातीचं काम, पण प्रत्येक आज्ञा आधी तपासून.

मे २०२४ मध्ये पुन्हा एक जायरो चुकीचे आकडे देऊ लागला. जूनपासून हबल एका जायरोवर चालते, दुसरा चालू स्थितीतला राखून ठेवलाय. बाकीची दिशा चुंबकमापक, सूर्यसंवेदक आणि तारे पाहणारे कॅमेरे यांच्याकडून घेते. तोटा असा की नव्या ताऱ्यावर रोखायला वेळ जास्त लागतो, काम साधारण १२ टक्क्यांनी कमी होतं, आणि मंगळाच्या कक्षेपेक्षा जवळच्या हलत्या वस्तूंचा पाठलाग जमत नाही.

---

गंगापूररोड

जायरो बदलणं वगैरे ठीक आहे, पण माझ्या मते सगळ्यात अवघड काम २००२ चं होतं आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. वीजवाटपाची पेटी. दुर्बिणीची सगळी वीज तिच्यातून जाते, आणि ती बदलायची असं कधी ठरलंच नव्हतं. बदलायची म्हणजे हबल पूर्ण बंद करायची, १९९० च्या एप्रिलमध्ये सोडल्यापासून पहिल्यांदाच. ३६ कनेक्टर, तेही एका कडेला दाटीने, हात जेमतेम जाईल असे. एक उलटा बसला किंवा पिन वाकली तर परत चालू होईल याची हमी नाही. आणि बंद असताना हीटरही बंद, म्हणजे आतले भाग गार पडत चाललेले. ग्रन्सफेल्ड आणि लिनेहन या अंतराळवीरांनी ते केलं आणि दुर्बीण परत चालू झाली.

मॉडेलला याचाही उपयोग आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या मागचे पिनवाले कनेक्टर भद्रकाली-शालिमारच्या भंगारवाल्यांकडे मिळतात. बारा लावा, दोन ओळी, मधे दोन बोटांचं अंतर. वेल्डिंगचे मोजे घालून काढायला लावा.

---

ध्रुवमत्स्य

‘पहिली दुरुस्ती हबलची’ असंही चार्टवर लिहू नका. त्याच्या नऊ वर्षं आधी, एप्रिल १९८४ मध्ये, सोलर मॅक्स ही सूर्य बघणारी वेधशाळा चॅलेंजरच्या पथकाने कक्षेतच दुरुस्त केली.

त्यातला एक तपशील टूलरूमवाल्यांना आवडेल. अंतराळवीर नेल्सन पाठीवरच्या उडत्या खुर्चीतून जवळ गेले. छातीवर एक पकड होती, ती उपग्रहाच्या खुंटीवर बसून आवळायची. तीनदा ठोकली, बसेना. खुंटीजवळ उष्णतारोधक कापडाचा एक छोटा ग्रोमेट (कडी) होता, तो पकडीच्या आड येत होता. ड्रॉइंगमध्ये तो नव्हता. पकड ड्रॉइंगवरून केलेली. शेवटी उपग्रहाचं गरगरणं थांबवून त्याला यांत्रिक हाताने धरलं. पुढे दिशा राखणारी पेटी तासाभराच्या आत बदलली, कारण ती बदलण्यासाठीच केलेली होती. दुसऱ्या उपकरणाची इलेक्ट्रॉनिक पेटी मात्र तशी नव्हती, तिथे बारीक स्क्रू आणि कनेक्टर यांच्याशीच झटापट.

म्हणून नंतर हबलच्या प्रत्येक मोहिमेआधी जमिनीवर खऱ्या मापाचे नमुने लावून, ड्रॉइंगवर भिस्त न ठेवता, हत्यार न् हत्यार बसवून पाहिलं. सरावाला नासाचा ह्यूस्टनचा तलाव आहे, ६२ मीटर लांब, ३१ रुंद, १२ खोल.

---

मृगशीर्ष

चौथा प्रश्न, वेब. ती पृथ्वीपासून १५ लाख किमीवर आहे, चंद्राच्या चौपट लांब. हबल पाचशेच्या घरात, म्हणजे नाशिकहून नागपूरपेक्षाही कमी. फक्त वर.

वेबवर दुरुस्तीची सोय आधीच आत बांधलेली आहे. मुख्य आरसा १८ तुकड्यांचा, प्रत्येकाच्या मागे सात छोटी यंत्रं: सहा तुकडा हलवायला-कलवायला, सातवं त्याचा बाक कमी-जास्त करायला. मे २०२२ मध्ये सी-३ नावाच्या तुकड्यावर अपेक्षेपेक्षा मोठा उल्काकण आदळला.

---

गंगापूररोड

त्यात तो तुकडा फुटला ना? मग १७ वरच चालू आहे का?

---

मृगशीर्ष

नाही हो. फुटला नाही, तिथे पृष्ठभागाला कायमचा खळगा पडला. तुकडा किंचित हलवून त्या चुकीतला काही भाग निस्तरला, बाकीचा राहिला, तरी सगळी दुर्बीण मिळून ठरलेल्या अपेक्षेपेक्षा चांगलीच चालते. १८ च्या १८ कामात आहेत. पुढे धोरण बदललं: दुर्बीण ज्या दिशेने धावतेय त्या दिशेला तोंड करून राहण्याचा वेळ कमी केला. समोरून येणारा कण जास्त वेगाने आदळतो. पावसात गाडी चालवताना समोरची काच जास्त भिजते, तसं.

दुसरं उदाहरण वेबवरच्याच मिरी या उपकरणाचं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातलं, प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या जाळ्या बदलणारं चाक फिरताना घर्षण वाढलेलं दिसलं. ते काम थांबवलं, कारण शोधलं, किती वेळा आणि कसं फिरवायचं याचे नियम ठरवले आणि नोव्हेंबरात परत सुरू केलं. चाकाला तेल घालायला कोणी गेलं नाही. वागणूक बदलली.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या केप्लर दुर्बिणीचं तर याच्याही पुढचं. दिशा राखणाऱ्या चार चाकांपैकी एक २०१२ ला गेलं, दुसरं मे २०१३ ला. दोनावर स्थिर राहणं अशक्य. मग सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेतला. यान असं धरलं की प्रकाश सौरपट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना सारखा पडेल, जसं घराच्या आढ्यावर पडलेलं पाणी दोन्हीकडे सारखं ओघळतं. जरा कललं की आज्ञा देऊन परत आढ्यावर. साधारण ८० दिवसांनी सूर्याची दिशा बदलते, म्हणून निरीक्षणाचा भागही बदलायचा. असं २०१८ पर्यंत चाललं.

आणि आपली अ‍ॅस्ट्रोसॅट घ्याच चार्टवर. ही भारताची अवकाश वेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेली, ६५० किमीवर, पाच वर्षांसाठी. पुण्याची आयुका आणि मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्थांचं त्यात मोठं काम. २०१८ मध्ये अतिनील दुर्बिणीची एक वाहिनी बंद पडली, क्ष-किरणांच्या तीन मोठ्या गॅसपेट्यांपैकी एक गळतीमुळे बंद करावी लागली. पण तीन केल्या होत्या म्हणून काम थांबलं नाही, आणि २०२५ मध्ये दहा वर्षं झाली. इथे दुरुस्ती म्हणजे एकाच्या जागी तीन पाठवणं.

---

आडगावनाका

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पॅनेल, खुर्ची आणि कनेक्टर, तिन्ही करतो. दोन शंका. सातपूरकर दादा, ॲक्रिलिकला ३२ भोकं पाडताना तडे जातात असं ड्रिलवाला म्हणाला. आणि प्रदर्शनाच्या संध्याकाळी हबल खरीच दाखवता येईल का, नुसत्या डोळ्यांनी?

---

ध्रुवमत्स्य

हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करते आणि नाशिक २० अंशांवर आहे, त्यामुळे काही फेऱ्यांना ती आपल्या जवळजवळ डोक्यावरून जाते.  सूर्य मावळल्यावर तासाभरात किंवा उजाडण्याआधी, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारा न लुकलुकणारा ठिपका. एक फेरी साधारण ९५ मिनिटांची. पण रोज संध्याकाळी ती सोयीच्या वेळी येत नाही, दिसण्याचे दिवस सलग येतात आणि मग काही दिवस खंड. प्रदर्शनाच्या तीन-चार दिवस आधी उपग्रहांचे वेळापत्रक देणाऱ्या ॲपवर नाशिक टाकून बघा. फार आधीचं वेळापत्रक काही मिनिटांनी चुकतं, कारण तिथल्या विरळ हवेमुळे कक्षा सतत थोडी खाली येते. सोडताना ती सहाशेच्या वर होती.

पंचवटीतून दिवे फार. गोदाकाठ सोडून मखमलाबादकडच्या मळ्यांत उभे राहिलात तर मुलांना पटकन सापडेल.

---

सातपूरकर

ॲक्रिलिकचं बरोबर आहे त्याचं. धातूची ड्रिल बिट तशीच वापरली की ती शेवटी आरपार जाताना ओढली जाते आणि तिथे चीर पडते. बिटच्या धारेला ऑइलस्टोन मारून तिची ओढ कमी करा. प्लेटखाली लाकडाची फळी घट्ट धरा, आधी २ चं भोक, मग ४ चं. फेऱ्या कमी, मधून मधून बिट वर घ्या, साबणाचं पाणी टाका. गरम झालं की कीस वितळून बिटलाच चिकटतो. संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नका. झाकण आणि खालची प्लेट एकावर एक बांधून एकत्र ड्रिल करा २.५ ने, मग झाकणाची भोकं वेगळी ३.४ ची मोठी करा. ॲक्रिलिक त्याच झाकणावरून मार्क करा, कागदी नकाशावरून नको. अर्धा मिमी जरी सरकलं तरी बिट तिरकी लागते आणि डोकी गोल व्हायला लागतात.

स्क्रू ३२ लागतात, ५० आणा.